नागडी भिंत

आमच्या घरात एक भिंत नागडी होती. हा शब्द माझा नाही, गावाचा आहे. संग्रामपूरच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याशी आमचं गाव, आणि गावातल्या झाडून सगळ्या घरांच्या भिंती मातीच्या, सारवलेल्या, सणासुदीला चुन्याचा हात मारलेल्या. आमच्याही बाहेरच्या भिंती तशाच. पण पुढची खोली आणि मागची खोली यांच्यामधली भिंत सागाच्या आख्ख्या ओंडक्यांची होती. एकावर एक आडवे नऊ ओंडके, दोन्ही टोकांना जाड खांबांच्या खाचांत बसवलेले, वर तुळई, आणि तुळईवर धाब्याची हातभर जाड माती. आजोबा जंगलच्या ठेक्यावर बैलगाडी चालवत आणि मजुरीपोटी त्यांना लाकूडच मिळे, म्हणून त्यांनी भिंत लाकडाची केली. त्यात कलाबिला काही नव्हती. आता लोक असल्या भिंतीचे फोटो काढतात. माझ्या नातजावयाने पुण्याजवळ शेतघर बांधलं, त्यात मुद्दाम अशी एक भिंत करून घेतली आणि आल्यागेल्याला तिच्यावरून हात फिरवायला लावतो. मी गेले तेव्हा मलाही लावला. मी हात फिरवला, छान आहे म्हटलं आणि चहा मागितला. बाकीचं त्याला सांगत बसले नाही, ते इथे सांगते.

मागच्या खोलीत चूल होती, त्यामुळे त्या बाजूने ओंडके धुराने काळे कुळकुळीत झालेले. पुढच्या बाजूने मात्र मधासारखा रंग. उन्हाळ्यात दुपारी सगळे आडवे झाले की भिंतीतून मधूनच कट् असा आवाज यायचा. माय म्हणायची, "मामंजी खोकलले." तिने सासऱ्यांना पाहिलंसुद्धा नव्हतं, पण भिंत खोकलली की ती डोक्यावरचा पदर नीट करायची. मला ती भिंत आवडायची, कारण तिला पाठ लावून बसलं की उन्हाळ्यात गार लागायची आणि थंडीत मागच्या चुलीची ऊब पाठीला मिळायची. शाळेत तेव्हा गुरुजींनी नव्या राज्याचा नवा नकाशा टांगला होता. त्यात आमचं गाव कुठे ते कोणालाच सापडत नव्हतं. मी बोट ठेवून सांगितलं होतं, इथे, जिथे डोंगर संपतो तिथे लाकडाच्या भिंतीचं घर आहे.

माझी मोठी बहीण वच्छला. तिला आम्ही वच्छाबाई, नाहीतर नुसतं बाई म्हणायचो. तिचं लग्न ठरलं तेव्हा देऊळगाव राजाकडची माणसं साखरपुड्याला आली. त्यांच्यातल्या एका जाड्या बाईने भिंतीकडे पाहून विचारलं, "काय हो, वखारीत राहता का तुम्ही?" सगळे हसले. माय पण हसली, पण त्या रात्री ती जेवली नाही. लग्नाच्या आधी मायने आणि मी मिळून भिंत झाकायची ठरवली. बाबा बाजाराला गेलेले पाहून आम्ही पांढरी माती, शेण आणि तूस कालवलं आणि पुढच्या बाजूने कमरेच्या वरपर्यंत जाड लेप दिला. खालचे ओंडके दिसेनासे झाले. वरून चुना. मी पंधरा वर्षांची होते आणि मला वाटलं, आता आमचं घर माणसांतलं झालं. बाबा परत आले, बघत उभे राहिले आणि एवढंच म्हणाले, "लाकडाले दम लागते, बायाहो." आम्हाला वाटलं, ते कामाला नावं ठेवून राहिले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं.

दोन पावसाळे गेले. मातीने ओल धरली आणि मातीच्या आडून उधई चढली. उधई म्हणजे वाळवी. एक दिवस दिवाळीचं सारवण करताना माझा अंगठा लेपातून आत गेला आणि लाकडातही गेला, जसा काही भिजल्या भाकरीत जावा. मी मायकडे पाहिलं. तिने माझा हात बाजूला केला, स्वतःचा अंगठा घातला, तोही गेला. बाबांनी संध्याकाळी सगळा लेप खरवडून काढला तेव्हा खालचे दोन ओंडके वरून साल धरून होते आणि आतून नुसतं पीठ. बाबा आमच्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं.

भिंत दुरुस्त करायला त्यांनी किसनाजी मिस्तरींना बोलावलं. मिस्तरी म्हणजे आमच्या गावचे सुतार. काटकुळे, कमी बोलणारे, लाकूड पाहायच्या आधी त्याचा वास घेणारे. त्यांचा नामदेव माझ्याच वयाचा होता. त्याचा वरचा ओठ जन्मापासून मधोमध चिरलेला, म्हणून तो बारा महिने तोंडाभोवती दुपट्टा गुंडाळून फिरे आणि फारसा कोणात मिसळत नसे. मिस्तरींनी नऊही ओंडके बोटांनी वाजवून पाहिले. खालचे दोन बद्द बोलले, वरचे सात खणखणीत. "भाऊ," ते बाबांना म्हणाले, "छाती साबूत हाय, पाय सडले. पाय बदलू. पिके निंघू द्या, मंग धरू." बाबांनी चार महिने आधी दोन सागाचे ओंडके आणून अंगणात वाळत टाकले. येता-जाता आम्ही त्यांना ठेचकाळत होतो.

चैत्र संपता संपता काम सुरू झालं. आम्ही संसार अंगणात आणला. चूल लिंबाखाली, खाटा उघड्यावर, कणगीतली ज्वारी शेजारी. मिस्तरींनी तुळईखाली दोन्ही बाजूंनी टेकू दिले, प्रत्येक टेकूखाली पाचरी ठोकून धाब्याचा भार त्यांच्यावर घेतला. वरचे सात ओंडके दोरखंडाने तुळईला बांधून टांगले आणि खालचे दोन पोखरलेले ओंडके ओढून काढले. ते निघताना इतके हलके होते की बाबांना एकट्यालाच पेलले. भिंतीच्या तळाशी आता मांडीएवढी उंच मोकळी फट पडली होती आणि पुढच्या खोलीत पालथं पडलं की मागची खोली दिसायची. मिस्तरींनी तुळईवरून एक ओळंबा सोडला, खाली जमिनीवर चुन्याचा ठिपका दिला आणि मला म्हणाले, "इंदे, तुह्यावर हे काम. दिवसातून चार डाव पाहायचं. ठिपक्यापासून एक बोट सरकला तर मले सांग. दोन बोटं सरकला तर मले सांगायले नको येऊ, आधी समद्यायले अंगणाच्या बाहेर काढ." असं काम मला आजवर कोणी दिलं नव्हतं. मी चार काय, चाळीस वेळा पाहायची.

त्याच दिवशी दुपारी मिस्तरी खांबाची खाच किकऱ्याने मोकळी करत होते. किकरं म्हणजे त्यांची लाकूड कोरायची पटाशी. दारात सावली पडली म्हणून मी वर पाहिलं तर वच्छाबाई. डोक्यावर पदर, घामाने चेहरा लाल, पोट पुढे आलेलं, आणि मागे ट्रंक घेतलेला तिचा दीर. आम्ही तिला नववा महिना लागल्यावर बाळंतपणाला आणणार होतो. अजून सातवाच चालू होता. माय अंगणातून धावत आली. दीर म्हणाला, "आमच्याकडं हिरीचं काम काढलंय मामा. सोमवारपासून सुरुंग लावायचेत. आई म्हणली, पोटुशी बाई घरात असताना खोदू नये, फोडू नये. आठव्यात हलवता येत नाही, म्हणून आत्ताच आणून सोडली." मग त्याची नजर आत गेली. टेकू, दोरखंड, खाली पडलेली फट, मिस्तरींच्या हातातलं किकरं. "तुमच्याकडं बी काम चालूच हाय की," तो म्हणाला. देऊळगाव राजाहून बुलढाणा आणि पुढे आणखी दोन एस्ट्या बदलून पोर आगीतून निघाली होती ती फुफाट्यात येऊन पडली. दीर पाणी प्यायला, जेवला आणि परतीच्या गाडीला गेला.

मिस्तरींनी किकरं खाली ठेवलं. मग लाकडी हातोडा, मोगरी. मग सगळी हत्यारं एकेक करून पोत्यात भरायला लागले. बाबा म्हणाले, "किसनाजी, हे काय?"

"आता माह्याच्यानं होत नाई, भाऊ. घरात दोन जीवाची बाई हाय."

"अन् वर धाबं हाय! टेकूवर किती दिवस राहीन ते?"

"आठ दिवस राहीन. नाई तर चार." त्यांनी पोत्याचं तोंड बांधलं. "बाईचं बाळंतपण होऊ द्या. मंग करू."

"तवर घर बसलं तर ते बाळंतपण कुठं करू? रस्त्यावर?"

मिस्तरी पोत्याशेजारी टेकले. मग त्यांनी वच्छाबाईकडे न पाहता, जमिनीकडे पाहत सांगितलं, आणि ते मी आजही शब्दशः सांगू शकते. "भाऊ, माह्या नामदेवचा ओठ तुमी पाह्यला. समद्या गावानं पाह्यला. काऊन झाला ते कोनाले ठाव नाई. पहिलटकरीन होती ती. मले हौस आली, म्हटलं पोराले आपल्या हातचा पाळणा पाह्यजे. ती समोर बसून पाहून राह्यली होती अन् मी पाळण्याच्या पाटीले खाच कापून राह्यलो होतो. जशी खाच कापली, तसा ओठ निंघाला. अशीच. मधोमध." त्यांनी स्वतःच्या ओठावर बोट ठेवून दाखवलं. "तो पाळणा मी चुलीत घातला. त्याच्यानंतर पाळणा केला नाई. माह्या हातानं मी दुसऱ्याच्या लेकराले खाच पाडणार नाई."

मायने वच्छाबाईला हाताला धरून लिंबामागे नेलं. त्या दिवसापासून मायने विळीसुद्धा शेजारी देऊन टाकली. कांदा बुक्कीने फोडायचा, अंबाडी हाताने तोडायची, बाकी ज्वारीच्या कण्या आणि ताक. बाईसमोर कोणी काडीसुद्धा मोडायची नाही. मला नियम पाठ होते, सगळ्यांनाच होते. पण आजवर ते कोणाच्या तरी दुसऱ्या घरचे होते.

पुढचे दोन दिवस कसे गेले ते सांगणं कठीण आहे, कारण काही घडतच नव्हतं. बाबा ओसरीवर बसून आत पाहत राहायचे. धाब्यातून माती झिरपायची, भुरभुर आवाज यायचा, थांबायचा, पुन्हा यायचा. पूर्वी भिंत खोकलली की आम्हाला गंमत वाटायची. आता कट् झालं की चौघंही जागच्या जागी थिजायचो. मी पालथी पडून ओळंबा पाहायची. पहिल्या संध्याकाळी ठिपक्यापासून अर्धं बोट. दुसऱ्या सकाळी पाऊण. टेकूंखालची जमीन दबत होती. बाईला सासरी परत पाठवावं तर तिथे सुरुंग. शेजारी ठेवावं तर मिस्तरी म्हणत, गावात ठोकलेलं गावात लागतं. आणि सातव्याचे तीन दिवस उरले होते. आठवा लागला की माय तिला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू देणार नव्हती. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मी ओळंब्याच्या दोरीकडे पाहत मनात एकच गोष्ट घोकत होते की ती माती मी कालवली होती. मायला कोणी बोललं नाही, मला कोणी बोललं नाही, आणि म्हणून मी पुन्हा पुन्हा ओळंबा पाहायला जायची.

दुसऱ्या दिवशी दुपारी ओळंबा एक बोट सरकला. मी पळत जाऊन मिस्तरींना सांगितलं. ते आले, पाहिलं आणि टेकूवर हात ठेवून उभे राहिले. तेव्हा वच्छाबाई अंगणातून म्हणाली, "काका, मी शिवेच्या बाहेर जाऊन बसली तर?" आमचा वांग्या-मिरच्यांचा तुकडा नाल्याच्या पलीकडे, दुसऱ्या गावच्या शिवारात होता. मिस्तरींनी विचार केला. "नाल्याच्या पल्याड असली अन् इथलं ठोकणं तिच्या कानावर नाई आलं, तर चालते," ते म्हणाले. "पण संग कोनी पाह्यजे. घडीभर बी तिले एकटं सोडायचं नाई." बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, मी राहते.

पहिला दिवस ठरल्यासारखा पार पडला. सकाळी माय, बाई आणि मी नाल्यापलीकडे गेलो, तिथल्या बोराच्या विरळ सावलीत बाईला बसवलं, आणि दिवसभर मी तिच्या पायांना तेल चोळत बसले. संध्याकाळी घरी आलो तर खालचा ओंडका दगडावर बसला होता. दुसरा दिवस शेवटचा. माय माणसांच्या भाकरी करायला मधेच घरी गेली. मी आणि बाई दोघी राहिलो. ऊन असं की मिरचीची पानं कोमेजून लोंबत होती. तेवढ्यात नाल्याच्या काठावरून बाबांची हाक आली. "इंदे! बिगीनं ये! मिस्तरी बोलावते!" मी म्हटलं, बाईला सोडून कशी येऊ? बाबा म्हणाले, "घडीभराचं काम हाय. तुह्या हाताबिगर होत नाई." बाई म्हणाली, "जा व, मी काय पळून जातो?" तिच्याजवळ पाण्याचा गडू होता. तो अर्धा होता की भरलेला, ते मी पाहिलं नाही. आज सत्तरी उलटल्यावरही मला त्या गडूत वाकून पाहावंसं वाटतं.

घरी दुसरा ओंडका जागेवर सरकवला होता, पण त्याच्या आणि वरच्या टांगलेल्या ओंडक्याच्या मधे चार बोटांची फट होती. ती पाचरींनी भरायची होती. पाचर फटीत सरळ धरायची, मिस्तरींनी घणाचा घाव घालायचा आणि भार भिंतीवर घ्यायचा. पाचरीसकट पुरुषांची बोटं त्या फटीत मावत नव्हती. मी मायची चुलीवरची सांडशी घेतली, पाचर तिच्यात पकडली आणि गुडघे टेकून, वाकून फटीत धरली. शेजारच्या दोघांनी आणि बाबांनी मागच्या बाजूचे टेकू आधीच ढिले केले होते आणि आता तिघंही पुढे येऊन तुळईखाली लावलेल्या बल्ल्यांना, म्हणजे लाकडी वाशांना, खांदा देऊन उभे होते. मिस्तरी म्हणाले, "इंदे, आता आपल्याले थांबता येत नाई. टेकू ढिले हायेत. पाचरी बसतपर्यंत धाबं या तिघायच्या खांद्यावर हाय. मी घालतो, तू हलवू नको."

मी फटीतून पलीकडे पाहिलं आणि पलीकडे वच्छाबाई होती.

ती मागच्या खोलीत, परसदाराने आलेली, अंधारात जमिनीवर बसली होती. केस मोकळे, तोंडावर पाणी मारलेलं, छाती वरखाली होत होती. आमच्यामधे चार बोटांची फट आणि दोन हातांचं अंतर. तिला मी दिसले, मला ती दिसली. मी तोंड उघडलं. माझ्या मागे बाबांचा श्वास ऐकू येत होता, दातांतून येणारा, जड, आणि वरून माती गळत होती, माझ्या मानेवर. मी बोलले असते तर मिस्तरींनी घण टाकला असता. त्यांनी तो टाकलाच असता, याची मला खात्री होती. मग त्या तिघांच्या खांद्यांवर धाबं किती घटका राहिलं असतं? आणि बाई धाब्याखालीच बसली होती. वच्छाबाईने ओठांवर बोट ठेवलं. मग दोन्ही हात पोटावर गच्च धरले आणि मान हलवली. म्हणजे, होऊ दे.

पहिला घाव पडला. माझ्या सांडशीतून झिणझिण्या खांद्यापर्यंत आल्या. सात घाव पडले. मी मोजले, कारण दुसरं काय करावं ते मला कळत नव्हतं, आणि प्रत्येक घावाला बाईचे डोळे मिटताना मी पाहिले. मी सांडशी हलवली नाही. सातव्या घावाला लाकूड लाकडाला भिडलं, फट बंद झाली आणि बाई दिसेनाशी झाली. मिस्तरी म्हणाले, "सोडा." तिघांनी खांदे काढले. वरून काही आलं नाही. बाबा जिथे उभे होते तिथेच खाली बसले आणि रडले.

मी मागच्या खोलीत गेले तेव्हा ती रिकामी होती. जमिनीवर ओल्या पावलांचे ठसे परसदाराकडे गेलेले. ते मी पायानेच पुसले. त्या तसल्या उन्हात वच्छाबाई पुन्हा नाला ओलांडून बोराखाली जाऊन बसली होती. संध्याकाळी मायसोबत रीतसर घरी आली, भिंतीला हात लावला, "मस्त झाली" म्हणाली. मग हात धुवायच्या निमित्ताने मला रांजणामागे नेलं. "पाणी सरलं होतं. भोवळ आली. मले वाटलं, मागून येऊन निजतो घडीभर, तोपर्यंत झालं असंल काम," ती म्हणाली. "माह्या गळ्याची आण हाय तुले. कोनाले सांगशील तर. माह्या सासरी कळलं तर लेकराले शिंक आली तरी मलेच धरतीन." मी तिच्या गळ्याला हात लावून आण घेतली.

आठवा महिना मी भिंतीपाशी काढला. ठोकण्याचं काम संपलं होतं. उरलेलं काम मऊ होतं आणि ते घरच्या घरी चालत होतं. वरच्या सात ओंडक्यांची काजळी राखेने घासायची, पुसायची, जवसाचं तेल चोळायचं. नव्या लाकडाला बिब्ब्याचं तेल बाबांनी स्वतः अंगणातच लावून घेतलं होतं, तरी त्यांचे हात कोपरापर्यंत उतून आले होते. मी फडकं फिरवायची आणि बाई खाटेवरून माझ्याकडे पाहायची. मला स्वप्नात लेकरू दिसायचं, आणि त्याच्या अंगावर सात खाचा असायच्या. पुढे मी मास्तरीण झाले, पुस्तकं वाचली, ओठ कशाने चिरतो आणि कशाने चिरत नाही ते एका डॉक्टरबाईंनी मला नीट समजावून सांगितलं. किकऱ्याने चिरत नाही हे मला आता माहीत आहे. पण सतराव्या वर्षी मला ते माहीत नव्हतं, आणि ते दोन महिने मी जशी घाबरले तशी पुढे नवरा गेला तेव्हाही घाबरले नाही.

नववा भरला. त्याच मागच्या खोलीत, त्याच भिंतीशी, भर दुपारी वच्छाबाई बाळंत झाली. सुईणीने "लक्ष्मी आली" म्हणून आवाज दिला. माय पाणी तापवायला वळली. बाईने मुलीकडे पाहिलं नाही. डोळे मिटून ठेवले आणि म्हणाली, "इंदे, तू पाह्य."

मी पाहिलं.

"ओठ?"

"साजरा हाय."

"बोटं मोज."

मी मोजली. हाताची, पायाची. पुन्हा मोजली. कान पाहिले, टाळू पाहिली, पाठ पालथी करून पाहिली. सुईण म्हणाली, "काय व पोरी, बैल घ्यायले आली का बाजारात?" मला हसू फुटलं आणि मग ते थांबेना, आणि बाईने डोळे उघडले.

बाराव्या दिवशी बारसं केलं. पाळणा नव्हता, झोळी बांधली होती. बायका गेल्यावर संध्याकाळच्या आधी किसनाजी मिस्तरी आले. हातात गुळाचा खडा. ते आधी भिंतीपाशी गेले, ओंडके बोटाने वाजवून पाहिले, मग झोळीपाशी आले. वाकून त्यांनी मुलीच्या चेहऱ्याकडे पाहिलं. इतका वेळ पाहिलं की माय अस्वस्थ झाली. त्यांनी एक बोट पुढे केलं, तिच्या वरच्या ओठाजवळ नेलं, पण लावलं नाही.

"पाह्यलं भाऊ?" ते बाबांना म्हणाले. "नेम पाळला. शीव ओलांडून बसवली बाईले. म्हनून पोरगी कशी साजरी निंघाली." त्यांनी गुळाचा खडा मायच्या हातात दिला. "मी तवा पाळला असता तर... हौस आली होती. पाळण्याची हौस." त्यांनी उपरण्याने डोळे पुसले. "आता खातरी झाली. माह्याच हातानं झालं ते."

माझ्या तोंडात एक वाक्य होतं. काका, बाई आतच होती, सातही घाव तिच्यापासून दोन हातांवर पडले आणि पोरगी साजरी आहे. नामदेवचा ओठ तुम्ही कापला नाही. एवढंच. खाटेवरून वच्छाबाई माझ्याकडे पाहत होती आणि तिचा हात स्वतःच्या गळ्याशी गेला होता. किसनाजी काका पुढे वीस वर्षं जगले. ती वीस वर्षं मी त्याच गावात येत-जात होते, पण ते वाक्य मी बोलले नाही. आता बोलायला ते नाहीत, वच्छाबाई नाही आणि नामदेवही नाही.

मिस्तरी माझ्याकडे वळले. "इंदे," ते म्हणाले, "तू बाईची राखण केली. घडीभर बी सोडलं नाई तिले. माह्या घरी तवा तुह्यासारखी एखादी असती."

मी म्हणाले, "हाव, काका."

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.